आकारामभावजींचा काटा आन् झेनमधली वाळू

आमचे आकारामभावजी खुर्चीत बसलेत असं कोण सांगितलं तर विश्वास ठेवू नका. टेकलेत म्हणा. साखर कारखान्यातनं निवृत्त हून तीन वर्षं झाली, पण माणूस एका जागी बसून अख्खा कप चहा पिला असंल तर शपथ. पहिला घोट अंगणात, दुसरा फाटकाशी, आन् रिकामा कप माझ्या कट्ट्यावर. त्यांची बायको शालूबाई रोज सकाळी माझ्याकडनं कप गोळा करून नेती. मी म्हणतो, "शालू, साखळी आण एक, बांधून घाल." ती म्हणती, "चिमणावैनी, आधी साखळीचं वजन करत बसतील."

वजन! तिथंच तर सगळं अडकलंय. एकतीस गळीत हंगाम भावजी उसाच्या काट्यावर बसले. भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, ऊस उतरला की रिकामी परत काट्यावर घ्यायची, वजा करायचं, पावती द्यायची. आता आपल्या भागात "काटा मारला", म्हंजे वजनात खाल्लं, ह्याच्यापरीस वाईट बोलणं न्हाय. आईवरची शिवी माणूस एकवेळ विसरंल, ही न्हाय विसरत. पण भावजींच्या पाळीला ते कवा कोण बोललं न्हाय. राधानगरीकडची माणसं तर दुसरा काटा मोकळा असला तरी बैलं सोडून थांबायची. "आकारामच्या काट्यावर घालू या," म्हणायची.

निवृत्तीला मिळालेली शाल ट्रंकेत पडून हाय, घड्याळ बंद पडलंय. त्याचं त्यास्नी काय न्हाय. पण आजवर आपल्याला 'काटा मारला' असं एक बी माणूस बोललं न्हाय, ह्यावर हा बाबा जगतो. मी चेष्टेनं एकदा म्हटलं, "भावजी, शालू भाकरी लहान थापाय लागली, काटा मारती वाटतं." तर दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. कप मात्र ठेवून जायचे.

त्यांची एकुलती लेक अनुजा. एकोणतीस वर्षांची. उद्यमनगरात एका वर्कशॉपात इंजिनाची हेडं घासती, बोअर करती, आन् सुट्टीला गाड्या पळवती. शर्यतीच्या, बरं का. हातकणंगल्याच्या पुढं माळावर अमरसिंहाचा ट्रॅक हाय. तिथं दरसाल जुन्या गाड्यांची सहा तासांची शर्यत हुती. सकाळी दहाला सुटती, चारला संपती. एका गाडीला दोन ड्रायव्हर, आलटून पालटून. सहा तासांत ज्याच्या फेऱ्या जास्त, त्यो पहिला.

गेल्या साली अनुजानं आन् तिच्या वर्कशॉपातल्या गुंडूनं जुनी झेन घेऊन सगळ्यास्नी असं धुतलं, की दुपारी एकलाच ती अकरा फेऱ्या पुढं. बघायला आलेली माणसं जेवायला म्हणून उठली, ती परत आलीच न्हाईत. शेवटच्या फेरीला टाळ्या वाजवायला मी, शालूबाई आन् एक कुत्रं.

म्हणून औंदा अमरसिंहानं नवा कायदा काढला. जी गाडी जास्त पळती तिच्यात वाळूची पोती बांधायची. जी पळत न्हाय तिला मोकळी सोडायची. सगळ्या सारख्या झाल्या की चार वाजेपर्यंत चुरस. परदेशात चोवीस-चोवीस तासांच्या शर्यतीत असंच करत्यात म्हणं, आन् तिथं बी ह्यावरनं भांडणं संपत न्हाईत.

तर ती भांडणं आमच्या गल्लीत आली. भावजींच्या अंगणात सगळी जमली. मी भडंगाची परात घेऊन गेलतो. अशा वेळी हातात काहीतरी असलं की कोण 'घरी जा' म्हणत न्हाय.

अनुजा उभीच हुती. "मी आन् गुंडूनं सहा महिने त्या इंजिनाला रक्त पाजलंय. आन् त्याचं बक्षीस काय, वाळू? वर्गात पहिल्या आलेल्या पोरीच्या दप्तरात दगडं भरता काय?"

तिच्या समोर तोहिद. उद्यमनगरातलाच लेथवाला. ह्याची ॲम्बेसेडर. त्याच्या वडलांनी तीस वर्षं भाड्यानं चालवलेली, तीच ह्यानं शर्यतीला लावलेली. एवढं धूड, वळणावर वळताना आधी परवानगी मागतंय असं वाटतं.

"अनुदीदी," तोहिद म्हणाला, "तू पहिली ये की. कोण नको म्हणतंय? पर अकरा फेऱ्या पुढं गेल्यावर त्याला शर्यत म्हणत न्हाईत, वरात म्हणत्यात. आम्ही मागनं बेंजो वाजवत यायचं?"

"मग तू बी गाडी बदल."

"अब्बांची गाडी हाय ती."

"म्हंजे तुझ्या अब्बांच्या गाडीपायी माझ्या गाडीत वाळू!"

"दीदी, पैलवान बी जोड बघून लावत्यात."

"पैलवानाच्या पाठीवर पोतं बांधून लावत न्हाईत!"

मी भडंग वाटत म्हटलं, "आगं, पर सारखं करायचंच हाय तर तोहिदलाच अनुजाची गाडी द्या आन् अनुजाला तोहिदची." दोघांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी परात घेऊन शालूबाईच्या मागं गेलो.

अमरसिंह मधी पडला. "भांडण कायद्याचं न्हाय. वजन कोण करणार, खरं भांडण ते हाय. तुम्ही ज्याचं नाव घ्याल त्यो."

आन् गंमत बघा, तोहिद आन् अनुजा एकाच वेळी म्हणाली, "मामा." "बाबा."

भावजी तवा फाटकाशी हुते. तिथनंच म्हणाले, "मी आजवर काट्यावरचं वाचलंय. वजन कुणावर टाकलं न्हाय. हे माझं काम न्हाय." मग बोअरिंगपर्यंत गेले, परत आले. "आन् माझीच पोरगी त्यात. उद्या कोण काय बोललं तर?"

"मामा, तुम्हाला कोण बोलंल?" तोहिद म्हणाला.

त्या एका वाक्यानं माणूस गळाला लागला.

गाड्यांसाठी अमरसिंहानं चार छोटे काटे आणले, पोळपाटाएवढे. एकेका चाकाखाली एकेक ठेवायचा, चार आकडे यायचे, ते कागदावर मांडून बेरीज करायची. भावजींनी खिशातनं पेन्सिल काढली. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यास्नी अर्धा तास एका जागी बघितलं. उकिडवे बसलेले हुते, पर एका जागी.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी सराव. सगळ्यांनी एक तास पळायचं, अमरसिंह घड्याळ लावून वेग बघणार, आन् त्यावरनं कुणात किती वाळू ते ठरणार. अनुजाची झेन त्या दिवशी अशी पळाली, की माझा भाचा स्कूटर बरी चालवतो. ज्ञानूची बी झेनच, कबनूरला यंत्रमागावर असतो त्यो, तीच गाडी, तेच इंजिन. ती सुदीक अनुजाच्या पुढं गेली. अमरसिंह खूश. "औंदा वाळू फारशी लागायची न्हाय."

पर भावजींनी काय केलं? सांगितलं नसताना सवयीनं गाड्या दोनदा काट्यावर घेतल्या. जाताना भरलेली, येताना रिकामी. मधला फरक पेट्रोल. ड्रायव्हरचा घाम म्हणून पाव किलो बाजूला काढला, इतका त्यो माणूस बारीक. ज्ञानूची झेन तासाभरात नऊ किलो पेट्रोल पिली. अनुजाची चार.

भावजी गाडीभोवती तीनदा फिरले. मग पोरीजवळ गेले. "गाडी पोटभर जेवली न्हाय."

"कोण गाडी?"

"अनू."

ती हेल्मेट पुसत राहिली. मग म्हणाली, "बाबा, जोरात पळाल तर वजन पडंल असं कायदाच सांगतोय. मग जोरात कोण येडा पळंल? ही चोरी न्हाय. हे डोकं हाय."

"मग मी काय लिहू?"

"काय लिहू नका. तुम्हाला पेट्रोल मोजाय सांगितलंवतं कुणी?"

खरं तर पोरीचं चुकलं असं मला आज बी म्हणवत न्हाय. पळणाऱ्याला दंड लावला की माणूस लंगडाय लागतंच की. पण भावजींच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. पाणी प्यायला गेले आन् पाणी न पिताच आले. मग सरळ अमरसिंहाच्या टेबलापाशी जाऊन नऊ आन् चार हे दोन आकडे मोठ्यानं वाचले. सगळ्यांच्या देखत.

निकाल काय? झेनचं वजन अनुजासकट आठशे अठ्ठावन्न किलो भरत हुतं, ते नऊशे करायचं ठरलं. म्हंजे बेचाळीस किलो वाळू. ज्ञानूच्या झेनमधी थोडी, एका एस्टीममधी थोडी. ॲम्बेसेडर मोकळी.

त्यानंतरचा आठवडा त्या घरात फक्त भांडी बोलत हुती. अनुजा डबा घ्यायची आन् न बोलता जायची. भावजी अंगणात इतकं फिरले की शालूबाई म्हणाली, "सारवायला नको आता, ह्यांनीच जमीन घोटलीया."

शर्यतीच्या दिवशी सकाळी सातलाच आम्ही ट्रॅकवर. वाळूची पोती शेजारच्या सीटवर ठेवून काथ्याच्या दोरीनं करकचून बांधली. भावजी काट्यांचे आकडे मांडत हुते, बेरजा करत हुते, "अजून दोन पाट्या टाक, अजून एक," असं सांगत हुते. कागद तयार झाला तशा सगळ्यांनी त्यावर सह्या ठोकल्या. अनुजानं बी केली. बापाकडं न बघता.

आन् सुटल्या गाड्या.

सहा तास म्हंजे काय असतंय, ते बसून बघितल्याशिवाय कळायचं न्हाय. ऊन, धूळ आन् तोच तोच घुंगाट. माझ्या शेजारी तोहिदची आई मेहमुदा. गाठोडं भरून आंबोळ्या आणलेल्या, पर एक बी बाहेर काढली न्हाय. तिची तसबीह, जपाची माळ, चाललेली, माझं नखं खाणं. आम्ही दोघी एकमेकींच्या गाडीला मनात शिव्या देत हुतो आन् एकमेकींला पाणी देत हुतो.

भावजी तारेच्या कडंनं चालत हुते. ह्या टोकाकडनं त्या टोकाला. गाडी पुढनं गेली की ते मागं वळायचे. दुपारी दोनला ज्ञानूच्या झेननं धूर काढला. त्यानं कडेला घेतली, बोनेट उघडलं, बंद केलं आन् ती ओढून घेऊन घरी निघून गेला. तरी भावजी चालतच.

साडेतीनला झेन आन् ॲम्बेसेडर एकाच फेरीत. झेन वळणावर जवळ यायची, सरळीला ते धूड परत पुढं जायचं. माणसं खुर्च्यांवर उभी. एक माणूस उठून गेला न्हाय, जेवायला बी न्हाय. अमरसिंह येड्यागत हसत हुता. माझा जीव असा वरखाली हुत हुता, की मी मेहमुदाचाच हात दाबून धरलेला.

चार वाजले. ॲम्बेसेडर पुढं. चार सेकंदांनी.

मेहमुदा रडली, आन् खोटं कशाला बोलू, मी बी रडलो, निराळ्या कारणानं. अनुजा गाडीतनं उतरली ती स्टिअरिंगवर एक बुक्की मारूनच. तिकडं तोहिदला पोरांनी खांद्यावर घेतलं, गुलाल उडाला, कप हातात आला.

आन् आमचे भावजी? त्यांची शर्यत संपली नव्हती. भरलेली झाली, आता रिकामी. गुंडूला म्हणाले, "पोती काढ, काट्यावर ठेव." गुंडू वैतागला, "काका, संपली की आता." "ठेव."

पोती एक्कावन्न किलो भरली.

भावजींनी परत ठेवाय लावली. एक्कावन्न. ठरलेली बेचाळीस. त्यांनी खिशातनं सकाळचा कागद काढला. मी शेजारीच हुतो. कागदावर चार आकडे, खाली एकूण नऊशे नऊ. त्याच्या खाली, सुंदर अक्षरात, एक ओळ: वजा बांधणी, नऊ. आन् निव्वळ नऊशे.

मला कळंना. "भावजी, बांधणी म्हंजे?"

त्यांनी पोत्यावरच्या दोरीकडं बोट दाखवलं. उसाची मोळी बांधायला वाढं, उसाचा हिरवा शेंडा, लागतंय. ते काय ऊस न्हाय. म्हणून कारखाना शंभराला एक किलो वजा धरतो. एकतीस वर्षं हाताला ती सवय. सकाळी डोळ्याला पोत्यावरची दोरी दिसली आन् हातानं आपला वजा करून टाकला. बांधलेल्या तिन्ही गाड्यांत. ॲम्बेसेडरमधी पोतंच न्हाय, दोरी न्हाय, म्हणून तिथं वजा न्हाय. म्हंजे अनुजाची झेन नऊ किलो जादा घेऊन सहा तास पळाली, आन् चार सेकंदांनी हरली.

"आता?" मी म्हटलं. हळूच म्हटलं हां. "कुणाला कळलेलं न्हाय."

चूक सांगितली तर सगळं जग म्हणणार, पोरीला कप द्यायचा म्हणून ढोंग करतोय. न्हाय सांगितली तर एकतीस वर्षं टाळलेली शिवी पोटात घेऊन झोपायचं. भावजी कागद घेऊन चार पावलं हिकडं गेले, चार तिकडं. गुंडूकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं. मग गेले, आन् अमरसिंहाच्या हातातनं माईकच घेतला.

"वजनात चूक झालीया. माझी. तीन गाड्यांत नऊ-नऊ किलो जादा गेलं."

मग मागनं कोणतरी ओरडलं, "पोरीसाठी नाटक करतोय म्हातारा!" दुसरा म्हणाला, "हरल्यावर बरं आठवलं!" भावजींचे कान लाल झाले. पर हलले न्हाईत. अंगणात बूड टेकत न्हाय त्यो माणूस तिथं खांबागत उभा.

तोहिद खांद्यावरनं खाली आला. तोंडावर गुलाल, हातात कप. "मामा, मग मी जिंकलो का न्हाय?"

"मला म्हाईत न्हाय. मला वजन म्हाईत हाय, ते सांगितलं."

अमरसिंहानं कागद घेतला. "सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी सह्या केल्यात. कागदावर आकडा स्पष्ट हाय. निकाल बदलत न्हाय. अनुजा, तुझी बी सही हाय."

अनुजा पुढं आली. तेलानं काळी, घामानं भिजलेली. तिनं कागद वाचला. सकाळी न वाचलेला.

"व्हय, माझीच सही हाय," ती म्हणाली. "बाबांच्या हातचा कागद. कोण वाचत बसतंय?"

मग तिचं तोंड एकदम वाकडं झालं. रडती का हसती मला समजंना. ती लोकांकडं वळली आन् माईकबिईक काय न घेता गळा काढून ओरडली, "काटा मारला ओ! माझ्या बापानं काटा मारला! माझ्याच गाडीत!"

पहिला तोहिद हसला. त्याला आवरंना, कप खाली ठेवून पोट धरून हसला. मग गुंडू. मग मागचे ते दोघं, ओरडणारे बी. सगळा माळ हसाय लागला. शालूबाईनं तोंडाला पदर लावला. भावजी तसेच उभे. ज्याच्यापायी माणूस एकतीस वर्षं जपून जगला, ते पाचशे माणसांत त्याच्या पोरीनंच बोलून दाखवलं. आन् बघा की, माणूस पडला न्हाय. नुसता डोळे मिचकावत राहिला, काट्यावरचा आकडा नीट दिसंना झाल्यागत.

परत येताना गाडी अनुजानंच चालवली. भावजी पुढं, मी आन् शालूबाई मागं. मेहमुदाच्या आंबोळ्या माझ्या मांडीवर. तिनं त्या जिंकल्यावर वाटायला आणलेल्या, आन् हरलेल्यास्नी जास्त दिल्या. माझा जीव नुसता तळमळत हुता, पर मी गप बसलो. लिहून ठेवा तारीख.

"चार सेकंद, बाबा," अनुजा म्हणाली.

"व्हय."

"त्या नऊ किलोत किमान दीड फेरी गेली माझी."

"व्हय."

"आन् तोहिदला उद्या भेटून सांगणार हाय मी. पुढच्या साली वाळू नको. तू बी पोटभर पळ, मी बी पोटभर पळतो."

"त्यो ऐकायचा न्हाय."

"मग वाळू तर वाळू. पर काट्यावर तुम्हीच बसायचं. आन् कागद मी वाचणार. दोनदा."

भावजींनी एक आंबोळी घेतली, अर्धी खाल्ली, अर्धी हातात तशीच. मग एकदम सरळ झाले.

"ज्ञानूला कोण सांगितलं?"

"काय?"

"त्याच्या झेनमधी बी नऊ किलो जादा गेलं. दोन वाजताच निघून गेला त्यो. उद्या यंत्रमागावर दुसऱ्याच्या तोंडनं कळंल त्याला. गाडी वळव."

"आवं," शालूबाई म्हणाली, "सकाळपास्नं पोटात अन्न न्हाय कुणाच्या."

"आंबोळ्या हायत की. वळव, अनू. मीच सांगायला पायजे."

अनुजानं आरशातनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बघती काय? वळव की! न्हायतर चालत जातील."

तिनं गाडी वळवली. कबनूरच्या त्या गल्लीत माग खडखडत हुते. ज्ञानू दाराशी झेनचं बोनेट उघडून वाकलेला. गाडी पुरती थांबायच्या आधीच भावजींनी दार उघडलं, आन् कागद हातात धरून चालाय लागले.